जुने पीसी टर्मिनल (मोठ्या सर्व्हरची नुसती स्क्रीन-कीबोर्ड) म्हणून वापरायचेत? आधी ठरवा, सेशन (लॉगिन केल्यावर उघडलेलं चालू काम) कुठे जगणार

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हिंगणा रोडवरच्या एका डिप्लोमा कॉलेजच्या सिव्हिल विभागात ३० जुने पीसी आहेत, प्रत्येकी ४ जीबी रॅम आणि विंडोज १०. त्यांवर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत प्रॅक्टिकलचा वेळ निघून जातो. कॉलेजनं आता १६ कोर आणि ६४ जीबी रॅमचा एक लिनक्स सर्व्हर घेतलाय. मुलांनी आपापल्या पीसीवर बसून त्या सर्व्हरचा डेस्कटॉप वापरावा, जमलं तर घरूनही वापरता यावा, अशी तुमची इच्छा आहे. त्यासाठी एक्समिंग, मोबाएक्सटर्म, व्हीएनसी, एक्स-टू-गो, एक्सआरडीपी आणि नोमशीन या, दूरच्या मशीनवरचे प्रोग्राम आपल्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरांतलं कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

लॅबसाठी मी एक्सआरडीपी घेईन. पण नाव सांगून माझं समाधान होत नाही, कारण तुमच्या यादीतली ही सॉफ्टवेअरं एका जातीची नाहीतच. नागपुरातल्या कॉलेजांच्या लॅब सांभाळण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, आणि हा फरक मला एका वाईट दिवशी नीट कळला.

तेव्हाच्या एका लॅबमध्ये २० टर्मिनल होते. सगळे थेट एक्स विंडो पद्धतीनं सर्व्हरला जोडलेले. वेग उत्तम होता आणि विद्यार्थी खूश होते. उन्हाळी परीक्षेची प्रॅक्टिकल चालू असताना दुपारी वादळ आलं आणि लाइट गेली. सर्व्हर यूपीएसवर होता, टर्मिनल नव्हते. सात-आठ मिनिटांनी लाइट आली, सगळ्यांनी पुन्हा लॉगिन केलं, आणि समोर कोरा डेस्कटॉप. सर्व्हर एक क्षणही बंद पडला नव्हता, तरी १८ मुलांचं सेव्ह न केलेलं काम गेलं. एक मुलगी दीड तासाचं ड्रॉइंग गेल्यामुळे रडत होती आणि माझ्याकडे तिला द्यायला काही उत्तर नव्हतं. तेव्हापासून टर्मिनलचं कुठलंही सॉफ्टवेअर समोर आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मधली तार तुटली तर मुलाचं सेशन कुठे जगतं?

त्या दिवशी काम का गेलं, ते समजायला एक्स विंडोची, म्हणजे लिनक्समध्ये स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीची, रचना बघावी लागते. ही प्रणाली १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत, तिथल्या प्रोजेक्ट अथेना या संगणक प्रकल्पाच्या काळात जन्मली आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. तीच एक्स-इलेव्हन आजही चालू आहे. हिच्यातले शब्द नव्या माणसाला उलटे वाटतात. इथे सर्व्हर तुमच्या टेबलावर असतो. स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस सांभाळतो तो एक्स सर्व्हर. दूरच्या मोठ्या मशीनवर चालणारा क्यूजीआयएस हा त्याचा क्लायंट. क्लायंट तारेवरून निरोप पाठवतो की इथे खिडकी उघड, इथे रेघ ओढ, इथे अक्षर लिही, आणि चित्र तुमच्या पीसीवर काढलं जातं. एक्समिंग, व्हीसीएक्ससर्व्ह, सिग्विन-एक्स आणि मोबाएक्सटर्मच्या पोटातला एक्स सर्व्हर, सगळे याच जातीचे. तुमचा पीसी बंद झाला म्हणजे त्या प्रोग्रामच्या दृष्टीनं स्क्रीनच नाहीशी झाली. बहुतेक प्रोग्राम अशा वेळी तिथल्या तिथे मरतात. त्यांना दुसऱ्या स्क्रीनवर हलवायची सोय मूळ रचनेत नाही.

दुसऱ्या जातीत चित्र मोठ्या मशीनवरच, मेमरीत तयार होतं आणि तुमच्या पीसीकडे फक्त त्या चित्राची नक्कल येते. व्हीएनसी, एक्सआरडीपी, नोमशीन हे या जातीचे. एक्स-टू-गो मधला आहे: तो एक्सचीच भाषा बोलतो, पण सर्व्हरवर एक मध्यस्थ एक्स सर्व्हर उभा करून प्रोग्रामला त्याच्याशी बांधतो. या सगळ्यांत तुमचा पीसी जळाला तरी प्रोग्रामला पत्ता लागत नाही. शेजारच्या पीसीवर बसा, लॉगिन करा, कर्सर जिथे होता तिथे सापडतो. मे-जूनमध्ये आपल्याकडे वाऱ्या-वादळानं लाइट जाणं काही नवीन नाही, त्यामुळे शिकवण्याच्या लॅबसाठी मी पहिल्या जातीचा विचारही करत नाही.

म्हणजे पहिली जात टाकाऊ का? अजिबात नाही. तुम्ही स्वतः किंवा एखादे सर आपल्या लॅपटॉपवरून सर्व्हरवरचा एकच प्रोग्राम उघडून पाहणार असाल, तर एसएसएचमधून (दूरच्या मशीनशी जोडणाऱ्या सुरक्षित वाटेनं) एक्स पुढे पाठवण्याइतकं हलकं दुसरं काही नाही. अख्खा डेस्कटॉप येत नाही, विंडोजच्या खिडक्यांशेजारी लिनक्सची एक खिडकी येते. त्यासाठी मी व्हीसीएक्ससर्व्ह सुचवेन, तो मुक्त स्रोत आहे. एक्समिंगची सगळ्यांसाठी मोकळी असलेली आवृत्ती २००७ सालची आहे, नव्यासाठी पैसे द्यावे लागतात. मोबाएक्सटर्म हाताळायला फार सोयीचा, पण फुकट आवृत्तीला मर्यादा आहेत. तुमचा पीसी विंडोज ११ चा असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत) लिनक्सच्या खिडक्या दाखवायची सोय आधीच आहे, ती पुरते.

एक सावधगिरी मात्र. जुन्या ब्लॉगांवर 'एक्सहोस्ट प्लस' नावाची आज्ञा देऊन मोकळं व्हायला सांगतात. ती देऊ नका. एक्स-इलेव्हनमध्ये तुमच्या स्क्रीनला जोडलेला कुठलाही प्रोग्राम बाकीच्या खिडक्यांत काय टाइप होतंय ते वाचू शकतो. ती आज्ञा दिली की लॅबमधल्या कुणालाही तुमच्या स्क्रीनला जोडून घ्यायची परवानगी मिळते, आणि मग पासवर्डही वाचता येतात.

घरून वापरताना थेट एक्स आणखी एका कारणानं नडतो. या पद्धतीत प्रोग्राम पदोपदी प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. लॅबच्या तारेवर एका फेरीला एक मिलिसेकंदही लागत नाही, म्हणून जाणवत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीच फेरी ६० मिलिसेकंदांची धरा. प्रोग्राम उघडताना अशा ५०० फेऱ्या झाल्या तर नुसत्या थांबण्यातच ३० सेकंद गेले. इंटरनेटचा प्लॅन कितीही मोठा घेतला तरी हे कमी होत नाही, कारण अडचण रुंदीची (बँडविड्थची) नाही, अंतराची आहे. पुष्कळ जण इथे फसतात आणि उगाच महागडा प्लॅन घेतात. एक्स-टू-गोच्या आतलं एनएक्स तंत्र नेमक्या या फेऱ्या कमी करण्यासाठीच लिहिलं गेलं होतं.

चित्राची नक्कल पाठवणाऱ्यांची काळजी वेगळी: तिथे रुंदी लागते. १९२० बाय १०८० ची पूर्ण स्क्रीन, दर ठिपक्याला ३ बाइट धरले, तर न दाबता सुमारे ६.२ एमबी होते. १०० एमबीपीएसच्या तारेतून सेकंदाला १२.५ एमबी जातात, म्हणजे अशा जेमतेम दोन स्क्रीन. प्रत्यक्षात बदललेला भागच दाबून पाठवला जातो, त्यामुळे नकाशावर काम करताना त्रास होत नाही. पण २० मुलांनी एकदम नकाशा सरकवला तर सर्व्हरच्या एकाच तारेवर सगळा भार येतो. म्हणून सर्व्हरपासून स्विचपर्यंतची जोडणी गिगाबिटच हवी. मुलांचे पीसी १०० वर असले तरी चालतील.

आता एक्सआरडीपीच का? पहिलं, विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपचा क्लायंट आधीच असतो. ३० पीसींवर काहीही बसवायचं नाही, आणि दर सत्रात ३० ठिकाणी काही अपडेट करायचं नाही. लॅब असिस्टंट एकच असेल तर हे फार मोठं सुख आहे. दुसरं, ते मोफत आहे आणि डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या भांडारातच मिळतं. तिसरं, तुटलेलं सेशन ते जिवंत ठेवतं. नोमशीनचा वेग मला एक्सआरडीपीपेक्षा चांगला वाटतो, पण एकाच सर्व्हरवर अनेकांना वेगवेगळे डेस्कटॉप द्यायचे तर त्यांची पैसे भरून घ्यायची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती लागते. व्हीएनसीतलं टायगरव्हीएनसी भरवशाचं आहे, मात्र प्रत्येक मुलासाठी वेगळं पोर्ट (जोडणीचा क्रमांक) आणि वेगळा पासवर्ड सांभाळत बसावं लागतं, आणि व्हीएनसीचा जुना साधा पासवर्ड पहिली ८ अक्षरंच पाहतो. एक्स-टू-गोबद्दल मला आपुलकी आहे, सगळी वाहतूक एसएसएचमधूनच जाते आणि मंद लाइनवर तो छान वागतो. पण ग्नोमसारखे नवे जड डेस्कटॉप त्याला झेपत नाहीत आणि त्रिमितीय ग्राफिक्समध्ये तो कमी पडतो.

एक्सआरडीपीच्या ज्या खाचा मला ठाऊक आहेत त्या सांगतो, कारण बहुतेक लोक पहिल्याच आठवड्यात त्यांत अडकून ते काढून टाकतात.

सगळ्यात मोठी खाच सॉफ्टवेअरची नाही, आपल्या कॉलेजांच्या सवयीची आहे. प्रत्येक पीसीवर 'स्टुडंट' नावाचं एकच लॉगिन आणि सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड. एक्सआरडीपीत हे चालणार नाही. एकाच नावानं दुसरा मुलगा आत आला की त्याला पहिल्याचंच सेशन मिळतं आणि पहिल्याची स्क्रीन जाते. मुलं एकमेकांवर ओरडतात, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. हजेरी क्रमांकावरून प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा. यादी एक्सेलमध्ये असतेच, छोट्या स्क्रिप्टनं दहा मिनिटांत ६० खाती तयार होतात.

दुसरी खाच रंगांची. नेहमीच्या सेटिंगमध्ये एक्सआरडीपी जुनं सेशन ओळखताना वापरणाऱ्याचं नाव आणि रंगांची खोली (दर ठिपक्याच्या रंगाला किती बिट), दोन्ही जुळवून बघतो. सकाळी ३२ बिटनं आलेला मुलगा दुपारी दुसऱ्या पीसीवरून १६ बिटनं आला तर त्याला नवं सेशन मिळतं आणि आपलं काम गेलं असं वाटतं. काम गेलेलं नसतं, ते जुन्या सेशनमध्ये पडून असतं. रिमोट डेस्कटॉपची एकच सेटिंग फाइल तयार करून ३० पीसींच्या डेस्कटॉपवर ठेवा, हा प्रश्न संपतो.

डेस्कटॉप एक्सएफसीई हा हलका ठेवा, ग्नोम नको. लॉगिनच्या वेळी रंगांच्या प्रोफाइलसाठी ॲडमिनचा पासवर्ड मागणारी एक खिडकी येऊ शकते. मुलं ती बघून घाबरतात. पॉलकिटच्या (लिनक्समध्ये अशा परवानग्या ठरवणाऱ्या भागाच्या) नियमात ती परवानगी एकदाच देऊन टाका. आणि जे खातं सर्व्हरच्या समोरच्या स्क्रीनवर लॉगिन आहे, त्याच खात्यानं दुरून येऊ नका. काळी स्क्रीन दिसते किंवा लगेच बाहेर फेकलं जातं.

लिनक्सची आवृत्ती निवडतानाही थोडं पुढचं बघा. जग वेलंडकडे, म्हणजे एक्सची जागा घेणाऱ्या नव्या प्रणालीकडे, चाललंय. रेड हॅटनं आपल्या लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीतून जुना एक्स सर्व्हर काढूनच टाकला. वेलंडमध्ये एक्ससारखं तारेवरून चित्र पाठवणं मूळ रचनेत नाही, त्यासाठी वेगळी साधनं लागतात. तुमच्या लॅबला पुढची तीन-चार वर्षं शांतपणे चालायचं असेल तर डेबियन आणि एक्सएफसीई ही जोडी मला आज सगळ्यात निर्धास्त वाटते.

मराठीचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. गावांची नावं, शेतांचे गट, नकाशावरची लेबलं मुलं देवनागरीत लिहितील. दुरून जोडताना विंडोजचा कीबोर्ड मराठीवर असला तर कळ एक आणि अक्षर भलतंच, असा घोळ होतो. पीसीवरचा कीबोर्ड इंग्रजी ठेवूनच जोडा आणि मराठी सेशनच्या आत, आयबस या लिनक्सच्या भाषा-टायपिंगच्या सोयीतून चालू करा. त्यात एम-सेव्हन्टीन-एन या संचातल्या मराठी पद्धती बसवल्या की इनस्क्रिप्टही मिळतं आणि उच्चारावरून टाइप करणाऱ्यांचीही सोय होते. देवनागरी फाँट सर्व्हरवर बसवा, लोहित किंवा नोटो, मुलांच्या पीसीवर नकोत. चित्र सर्व्हरवर तयार होतंय, त्यामुळे अक्षरंही तिथलीच लागतात. थेट एक्स वापरताना मात्र काही जुने प्रोग्राम फाँट तुमच्या टेबलावरच्या एक्स सर्व्हरकडे मागतात आणि ते नसले तर उघडतच नाहीत. एक्समिंगमध्ये फाँटचं वेगळं पॅकेज असतं ते यासाठीच.

रॅमचा हिशेब. ६४ भागिले ३० म्हणजे दर मुलाला जेमतेम २ जीबी, त्यातच सर्व्हरचं स्वतःचं पोट. क्यूजीआयएस आणि एक्सएफसीई मिळून साध्या प्रॅक्टिकलला ते पुरतं. पण मुलांनी सर्व्हरवर ब्राउझर उघडला आणि दहा-दहा टॅब लावले की सगळ्यांचंच काम थांबतं. ब्राउझर आपल्या पीसीवर वापरायचा, सर्व्हरवर तो बसवायचाच नाही, हा माझा नियम आहे. शिवाय सिस्टमडीच्या (लिनक्समधले सगळे कार्यक्रम सांभाळणाऱ्या भागाच्या) यूजर स्लाइस या सेटिंगमध्ये दर खात्याला मेमरीची कमाल मर्यादा घाला. मग एखाद्याचा प्रोग्राम फुगला तर त्याचाच बंद पडतो, शेजाऱ्याला धक्का लागत नाही. बॅच २० ची ठेवता आली तर आणखी बरं. उपग्रहचित्रांसारख्या मोठ्या फाइल प्रत्येकाच्या फोल्डरात कॉपी करू नका. एका सामाईक, फक्त वाचता येणाऱ्या फोल्डरात ठेवा. पहिल्या मुलानं फाइल उघडली की ती सर्व्हरच्या मेमरीत येते आणि पुढच्यांना डिस्कची वाट पाहावी लागत नाही. एकच सर्व्हर सगळ्यांनी वापरण्याचा हा खरा फायदा आहे, आणि डिस्क मंद असली तर तो लगेच जाणवतो.

त्रिमितीय भूप्रदेश दाखवायचा असेल तर वेगळी गोष्ट. सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड नसेल तर ते सगळं प्रोसेसरवर येतं आणि २० मुलांना झेपणार नाही. कार्ड असेल तर ते दुरून वापरू देणारं व्हर्च्युअलजीएल बघा. सुरुवातीला हा भाग सोडूनच द्या.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि तुमच्या पीसींवर विंडोज ११ बहुधा चालणार नाही. घाई करून ते भंगारात काढू नका, टर्मिनलला फारसं काही लागत नाही. त्यांवर साधं डेबियन आणि रेमिना हा रिमोट डेस्कटॉपचा क्लायंट टाका. किंवा थिनस्टेशन हे टर्मिनलसाठीचं छोटं लिनक्स वापरून नेटवर्कवरूनच बूट करा, मग हार्ड डिस्क मेलेला पीसीही कामाला येतो. एलटीएसपी या, पीसी सर्व्हरवरून बूट करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव कुणीतरी सुचवेलच. ते चांगलं आहे, पण २०१९ मध्ये नव्यानं लिहिल्यापासून त्यात प्रोग्राम मुलाच्या पीसीच्याच प्रोसेसरवर आणि रॅममध्ये चालतात. तुमची अडचणच ४ जीबी रॅमची आहे, म्हणून तुमच्यासाठी ते नाही.

घरून वापरण्यासाठी ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट इंटरनेटवर उघडू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. त्यावर पासवर्ड ठोकून बघणारे कार्यक्रम रात्रंदिवस फिरत असतात. व्हीपीएन (घरापासून कॉलेजपर्यंतची खासगी, सुरक्षित वाट) लावा, नाहीतर अपाचे ग्वाकामोली बसवा. त्यात मुलांना फक्त ब्राउझर लागतो आणि मागे तुमचा तोच एक्सआरडीपी चालू राहतो. म्हणजे लॅबमध्ये अर्धवट राहिलेलं सेशन घरी तसंच उघडतं, फक्त वर सांगितलेली रंगांची खोली ग्वाकामोलीतही तीच ठेवा.

आणि सर्व्हरची जागा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लॅबमध्ये डेझर्ट कूलर लावले जातात. पीसींना ते कसंबसं चालतं. सर्व्हरला कूलरची ओलसर, धुळीची हवा नको. एसीची छोटी खोली मिळवा, एचओडींच्या केबिनचा कोपराही चालेल. यूपीएसवर सर्व्हरबरोबर स्विचही घ्या. तो हमखास विसरला जातो.

खरेदी किंवा बसवणं पूर्ण करण्याआधी एक दिवस पाच पीसींवर करून बघा. एका पीसीवर क्यूजीआयएसमध्ये बहुभुज अर्धवट काढा, सेव्ह करू नका, आणि पीसीचं बटण थेट भिंतीवरून बंद करा. पाच मिनिटं थांबा. दुसऱ्या पीसीवर त्याच नावानं लॉगिन करा. अर्धवट बहुभुज तसाच दिसला तर मांडणी बरोबर आहे. कोरा डेस्कटॉप आला तर आधी खातं आणि रंगांची खोली तपासा. त्यानंतर २० जणांना एकाच वेळी तोच मोठा नकाशा उघडायला लावा आणि सर्व्हरवर मेमरी किती उरते ते लिहून ठेवा. तो आकडा, स्विच १०० चा आहे की गिगाबिट, आणि सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड आहे का, एवढं कळवलंत तर बॅच किती मुलांची ठेवावी आणि दर खात्याला मेमरीची मर्यादा किती घालावी, हे मला नेमकं सांगता येईल.